ऐकून राखलेलं शास्त्र

१९०६ साली कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यातून ‘भारतीय भाषा सर्वेक्षणा’चा चौथा खंड बाहेर पडला. मुंडा आणि द्राविडी भाषांचा हा खंड स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानं सिद्ध केला होता. गोंडीचे आणि तिच्या बोलींचे नमुने त्यात आहेत, आणि चांदा जिल्ह्याची जंगलंही त्यातून सुटलेली नाहीत. पानं उलटत गेलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. बापाकडून वाटणी घेऊन परमुलखी गेलेला धाकटा मुलगा, उधळलेला पैसा, डुकरं राखण्याची पाळी, आणि परतलेल्या पोराला पाहून धावत सुटलेला म्हातारा बाप. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला हा उधळ्या पुत्राचा दाखला. सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज ग्रिअर्सन यांनी तो निवडला व्याकरणासाठी. तिन्ही पुरुषांची सर्वनामं, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ या एकाच गोष्टीत येतात. ऐकणाऱ्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मजकुरात किरकोळ फेरफारही केले गेले.

म्हणजे चांद्याच्या जंगलपट्टीत बायबलमधली एक गोष्ट महसूल खात्याच्या कागदपत्रांबरोबर फिरली. कचेरीतला माणूस विचारणार, बोलीभाषक सांगणार, आणि रोमन लिपीत उतरवलेल्या प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ लिहिला जाणार. धर्मप्रसाराचा यात काही हेतू नव्हता. पण आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत बायबल कसं पोचलं आणि कसं टिकलं, याचा शोध घेताना ही पानं महत्त्वाची वाटतात. इथं शास्त्र वाचलं गेलं त्यापेक्षा कितीतरी जास्त ते ऐकलं गेलं. छापील पुस्तक आलं मराठीत आणि तेलुगूत. घरातली बोली मात्र पुष्कळदा गोंडी नाहीतर माडिया असायची. हे अंतर कानानं आणि पाठांतरानं भरून काढलं.

ऐकून जपण्याची रीत या प्रदेशाला नवी नव्हती. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवता चालवता ते खडक तपासत, जीवाश्म गोळा करत, आणि गोंडांची गाणीही उतरवून घेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यात लिंगोचं प्रदीर्घ गीत आहे. गोंडांची उत्पत्ती, देवांची बंदिवासातून सुटका, लिंगोनं घालून दिलेल्या रीती असं सगळं त्या गीतात येतं, आणि परधान समाजाच्या गायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राखलं होतं. एका पाद्र्यानं आपलं शास्त्र सांगायला यावं आणि जंगलाचं शास्त्र लिहून ठेवून जावं, ही हिस्लॉप यांची फार मोलाची कामगिरी आहे.

विदर्भाचं मराठी वाङ्मयही स्मरणातूनच उभं राहिलेलं. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून ‘लीळाचरित्र’ जुळवलं. लूकही आपल्या ग्रंथाच्या आरंभी हेच सांगतो: प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेलं सगळं मुळापासून तपासून क्रमानं लिहीत आहे. या दोन लेखकांची गाठ घालून देणारा एखादा प्रबंध मराठीत व्हायला हवा.

मराठी बायबलच्या पहिल्या छापील अवताराशी नागपूर प्रांताचं नातं आहे. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी मराठी शिकले ते वैजनाथ पंडितांकडून. हे पंडित नागपूरकडचे, म्हणून केरींच्या मराठीला तिकडचं वळण आलं. १८११ साली त्यांचा नवा करार निघाला. पुढं मुंबईच्या अमेरिकन मिशननं १८२६ मध्ये नव्या कराराचं स्वतःचं भाषांतर काढलं, आणि पश्चिमेकडची मराठी ग्रंथाची भाषा होऊन बसली. चांद्याच्या वाचकापर्यंत जे बायबल आलं ते पुण्या-मुंबईच्या वळणाचं. वऱ्हाडी-झाडीबोलीच्या कानाला ते जरा परकंच होतं. तरीही लोकांनी ते आपलं मानलं.

दक्षिणेकडून दुसरी वाट होती, नदीची. प्राणहिता आणि गोदावरी जिथं मिळतात ते सिरोंचा त्या काळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. गोदावरीतून बोटी वर आणायच्या सरकारी योजनेवर एफ. टी. हेग हे लष्करी अभियंते काम करत होते. दुम्मागुडेमला त्यांनी मजुरांसाठी प्रार्थना सुरू केली आणि चर्च मिशनरी सोसायटीला कोया लोकांत काम करायला बोलावलं. कामाच्या कोठाराचा कारभार पाहणारे व्यंकटराम राजू ख्रिस्ती झाले आणि पुढं तिथले पाळक बनले. १८७१ च्या सुमारास नौकानयनाची योजना गुंडाळली गेली, १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. सिरोंचा चांद्यात आलं, भद्राचलम मद्रास इलाख्यात गेलं. बोटी कधी नियमित चालल्याच नाहीत. तेलुगू शास्त्रवाचन मात्र त्या काठांवर टिकलं. पुढं सिरोंचाला अमेरिकन मेथॉडिस्टांचं ठाणं झालं.

चांदा शहरात १८७० च्या दशकात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं मिशन उभं राहिलं. या मिशनचं सर्वांत ठळक नाव अ‍ॅलेक्स वुड. शतक पालटताना ते चांद्यात होते. ‘इन अँड आउट ऑफ चांदा’ हे त्यांचं पुस्तक १९०६ चं, म्हणजे सर्वेक्षणाचा तो खंड निघाला त्याच वर्षीचं. पुढं ते छोटा नागपूरचे आणि १९२६ पासून दहा वर्षं नागपूरचे बिशप होते. त्यांच्या आधीचे बिशप एअर चॅटर्टन यांनी ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ लिहिलं आणि वुड यांचं चरित्रही.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले तो हाच काळ. मिशनांकडे अनाथ मुलं आली, आणि कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास तिथूनच सुरू होतो. पोटासाठी धर्म घेतला, असा आरोप या घराण्यांवर तेव्हापासून होत आला आहे. भुकेल्या पोराला कुणी जेवू घातलं आणि त्याच घरात त्याला प्रार्थना शिकवली, हे खरंच. पण जेवण संपल्यावर तीन-चार पिढ्या ती प्रार्थना का टिकली, याचं उत्तर त्या आरोपात सापडत नाही. ते शोधायचं तर या माणसांची रोजची रीत पाहावी लागते.

चांद्याच्या मिशनच्या अँग्लिकन पठडीत सकाळ-संध्याकाळची उपासना नेमलेली असते. प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत. पहिल्या तारखेच्या सकाळी पहिलं स्तोत्र सुरू होतं आणि महिनाअखेरीस दीडशेवं संपतं. त्याखेरीज प्रत्येक उपासनेत जुन्या कराराचा एक आणि नव्या कराराचा एक पाठ. साक्षर माणसं शंभरात मोजकी असण्याच्या त्या काळात ही व्यवस्था काय करत असेल याचा विचार करावा. उपासनेला रोज येऊन बसणारी, पाटी-पेन्सिल कधी हातात न धरलेली बाई वर्षाला बारा वेळा सगळी स्तोत्रं ऐकायची. दहा वर्षांत एकशेवीस वेळा. तिला तेविसावं स्तोत्र शिकवावं लागत नसे. ते तिला येऊनच जाई. मिशनच्या आवारात वाढलेल्या मुलांचंही तसंच. मेथॉडिस्टांकडे हे काम गीतांनी केलं. वचन चालीत बसलं की रानात, शेतात, जात्यावर सहज गुणगुणता येतं.

आणि घराघरात पोचल्या त्या बायबल-बाया. मराठी ख्रिस्ती समाजात हा शब्द आजही ओळखीचा आहे. या बहुधा विधवा किंवा एकट्या स्त्रिया असत. थोडंफार वाचायला शिकून त्या दुपारच्या वेळी घरोघर जायच्या, ओसरीवर बसून एखादी गोष्ट सांगायच्या, एक वचन पाठ करून घ्यायच्या. मिशनच्या अहवालांत गोऱ्या पाद्र्यांची नावं पानापानावर येतात. या बायांचा उल्लेख पुष्कळदा नुसत्या आकड्यानं होतो, इतक्या बायबल-बाया, इतक्या भेटी. बायकांमध्ये शास्त्र रुजवण्याचं श्रेय द्यायचंच असेल तर ते आधी त्यांना द्यायला हवं.

याच काळात, याच मध्य प्रांतात मराठी ख्रिस्ती साहित्याला वळण देणारी घटना रेल्वेच्या डब्यात घडली. नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. तिथून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन गृहस्थानं त्यांना नवा करार दिला. गृहस्थाचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी, टिळक थांबले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ख्रिस्ताला अभंग-ओवीत आणलं, त्यामुळे चांद्याच्या भजनात टाळ-मृदंगाबरोबर शास्त्र गाता येऊ लागलं. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं.

पंडिता रमाबाईंचं काम त्याहून अवघड. साध्या बाईला कळेल असं बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं एकटीनं भाषांतर केलं. आश्रमातल्याच बाया-मुलींनी खिळे जुळवले, मुद्रितं काढली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. अखेरची मुद्रितं त्यांनी नुकतीच हातावेगळी केली होती. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एकट्या स्त्रीनं संपूर्ण बायबलचं भाषांतर पार पाडल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत तिच्या वाट्याला दोन ओळी येतात, हे बरोबर नाही.

शास्त्र जपायचं म्हणजे काय, हे जंगलपट्टीतल्या ख्रिस्ती घरात दिवेलागणीला दिसतं. काळ्या कव्हराचं ‘पवित्र शास्त्र’ फडक्यात गुंडाळून उंच फळीवर किंवा पेटीत ठेवलेलं असतं. वरच्या पानांवर बोटांचे डाग, कडा मऊ पडलेल्या. आतल्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या शाईनं नावं: कुणाचा जन्म, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं लग्न, कुणी कधी प्रभूत झोपी गेलं. तलाठ्याच्या दप्तरात नसलेली वंशावळ इथं सापडते. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला शाळेत जाणारं मूल वाचतं, आजी डोळे मिटून ऐकते, आणि मुलानं एखादा शब्द गाळला तर तीच तो भरून काढते. रविवारी शब्बाथ शाळेत सुवर्णवचन म्हणून दाखवायचं, नाताळच्या कार्यक्रमात अख्खा अध्याय पाठ म्हणायचा, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन असलेलं कार्ड घ्यायचं आणि ते आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवायचं, ही या समाजाची चालत आलेली वहिवाट.

वचनाप्रमाणे जगायची वेळ मात्र घराबाहेर येते. माडिया गावांत नवं धान्य, आंबा, मोह यांपैकी काहीही त्या त्या पंडुमाआधी, म्हणजे सणाआधी, तोंडात घालत नाहीत. आधी देवाला, मग माणसाला. गावपूजेचा प्रसाद आणि मोहाची दारू सगळ्यांत वाटली जाते, आणि त्या वाटपात गावाचं गावपण असतं. ख्रिस्ती झालेल्या घरानं तो वाटा घ्यायचा की नाही? नेमका हाच प्रश्न पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीला पडला होता, आणि पौलानं पहिल्या पत्रात त्यावर तीन अध्याय खर्च केले. मूर्तीपुढचं अन्न म्हणजे तसं काहीच नाही, पण शेजाऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर जपून वागावं, असा त्याचा एकूण रोख. मुंबईच्या वाचकाला हे अध्याय जुन्या काळचे वाटतात. एटापल्ली-भामरागडच्या वाचकाला ते कालच्या जेवणाबद्दल बोलतात. काही घरांनी वाटा नाकारला आणि गावाशी अंतर पडलं. काहींनी जेवण घेतलं, दारू टाळली. मेथॉडिस्ट शिस्तीत दारूबंदीवर फार भर, त्यामुळे मोह नाकारणं ही ओळखच बनली. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकचळवळीतून, तिचा चर्चशी संबंध नाही. पण दारू नाकारून लग्नघरातून उठणाऱ्या माणसाचा एकटेपणा या छोट्या समाजानं त्याच्या कितीतरी आधी सोसला होता.

पंडुमाला या मंडळींनी स्वतःचं उत्तरही शोधलं. पहिलं पीक देवापुढं आणण्याची आज्ञा जुन्या करारातल्या लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत आहेच. मराठी मंडळ्यांत कापणीचा सण त्यावरूनच साजरा होतो. भाताच्या लोंब्या, भोपळे, वाल, कोंबडी, अंडी असं जे घरात असेल ते वेदीपुढं मांडायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, पैसे मंडळीच्या कामाला लावायचे. लिलावात साधा भोपळा चढत्या बोलीनं जातो आणि घेणारा तो पुन्हा दान करून दुसऱ्यांदा बोलीला लावतो. जंगलातली ‘आधी देवाला’ ही रीत आणि अनुवादाचा सव्विसावा अध्याय इथं एकमेकांत सहज मिसळून गेले आहेत.

विसाव्या शतकात माणसांबरोबर आणखी भाषा आल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा झाला. कोळसा खाणी आणि पुढं बल्लारपूरचा कागद कारखाना यांच्यासाठी तेलुगू कामगार आले, त्यांच्यापाठोपाठ तेलुगू बायबलही. मार्च १९६२ मध्ये रोमनं चांद्याचं स्वतंत्र क्षेत्र करून ते केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे, सीएमआय संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवलं. केरळबाहेर या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. १९७७ मध्ये ते धर्मप्रांत झालं, आणि त्याचं मुख्य मंदिर बल्लारपुरात आहे.

या तारखेच्या शेजारी दुसरी तारीख ठेवून पाहावी. सिरो-मलबार चर्चची मिस्सा शतकानुशतकं सिरियाक भाषेत व्हायची. ३ जुलै १९६२ पासून ती मल्याळममध्ये सुरू झाली. म्हणजे ज्या वर्षी हे धर्मगुरू चांद्यात आले, त्याच वर्षी त्यांच्या आयाबहिणींना पहिल्यांदा मिस्सेचा शब्दन्‌शब्द समजला. मातृभाषेत शास्त्र ऐकणं काय असतं, हे नुकतंच अनुभवलेली माणसं इथं येऊन मराठी शिकायला बसली. त्यांच्या उपासनेत शुभवर्तमानाचं पुस्तक मेणबत्त्यांसह मिरवत आणतात आणि सगळे उभे राहून ऐकतात. वाचता न येणाऱ्यालाही पुस्तकाचा मान त्या चालीवरून उमजतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं. अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या त्यात गेल्या, अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. मंडळ्यांची नावं बदलली. घरातलं पुस्तक तेच राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ २०१० साली आलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाच्या कपाटातही बायबलला जागा झाली.

शेजारीपाजारीही ग्रंथ धरून जगणारेच. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. पुढच्या वर्षी निघालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ इथल्या हजारो घरांत वाचला जातो. चिमूर तालुक्यात तुकडोजी महाराजांची तपोभूमी आहे. त्यांच्या ‘ग्रामगीते’चे एकेचाळीस अध्याय आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव चालते. दिवेलागणीला एका आळीत ग्रामगीता, दुसरीत वंदना, तिसरीत स्तोत्र, हे या भागातल्या गावाला नवल वाटत नाही.

एक देणं मात्र फार उशिरा चुकतं होत आहे. छिंदवाड्याचे जेम्स डॉसन यांनी १८७० च्या दशकात शुभवर्तमानाचे भाग गोंडीत आणले होते, पण ती उत्तरेकडची गोंडी. अहेरी-भामरागडची बोली तिच्यापासून बरीच वेगळी पडते. अलीकडच्या दशकांत गोंडीच्या वेगवेगळ्या बोलींत भाषांतरं आणि ध्वनिमुद्रणं होऊ लागली, आणि मोबाइलवर ती ऐकताही येतात. छापील पान न वाचलेल्या माणसाच्या कानात आता त्याच्या स्वतःच्या बोलीतला उधळ्या पुत्र येतो. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारनं हीच गोष्ट याच बोलींत लिहून नेली होती आणि तिचं पुस्तक ग्रंथालयात ठेवलं होतं. ज्यांनी ती सांगितली त्यांच्या हाती तेव्हा काहीच आलं नाही.

या सगळ्याचा लेखी इतिहास पाद्र्यांच्या अहवालांतून मिळतो. ऐकणाऱ्यांचा इतिहास मंडळ्यांच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांत, बायबलच्या कोऱ्या पानांवर आणि ऐंशीच्या घरातल्या आज्यांच्या तोंडी आहे. वाळवी, पावसाळा आणि वय यांच्यापुढं तिन्ही फार काळ टिकणार नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीत ज्यांच्या घरात असं जुनं शास्त्र असेल, त्यांनी त्या पानांचे फोटो काढून ठेवावेत. ज्या आजीला अख्खी स्तोत्रं पाठ असतील, तिचा आवाज या नाताळपूर्वी ध्वनिमुद्रित करून घ्यावा, आणि सोबत तिला ती कुणी शिकवली त्या बाईचं नावही विचारून लिहून ठेवावं.